एम.टेक.चा प्रकल्प: विषयाच्या आधी पंच ठरवा

प्रश्न असा आहे: ‘मी एम.टेक. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याआधी दोन वर्षं एका कंपनीत टेस्टिंग केलं, म्हणून डिझर्टेशन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्येच करायचं ठरवलंय. गाइड म्हणतात, एआय घेतल्याशिवाय पेपर होणार नाही. मैत्रिणी म्हणतात, एखादं ॲप बनव आणि मोकळी हो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल आणि संशोधनही म्हणता येईल असं काय करता येईल? हातात दहा महिने आहेत.’

मी बावीस वर्षं पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे. गेली दहा-अकरा वर्षं कॉलेजांमध्ये बाह्य परीक्षक म्हणून बसतो, अधूनमधून कंपनीकडून सहमार्गदर्शक म्हणूनही काम केलंय. हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. दहा महिने ही एका माणसाच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲपचं आधी उरकू. हॉस्पिटल, ग्रंथालय, हजेरी, बाजारभाव यांची ॲप बनवून हात बसतो आणि बी.ई.ला ते ठीकच आहे. पण ॲप तयार झालं की जगात एक ॲप वाढतं, एवढंच. सॉफ्टवेअर कसं बनतं, कुठे मोडतं, कशाने सुधारतं याबद्दल कुणाच्या ज्ञानात काही भर पडत नाही. संशोधनाच्या शेवटी हातात एक असं विधान यावं लागतं, जे खोटं ठरण्याची खरोखर शक्यता होती. म्हणून व्हायवाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचं म्हणणं चुकीचं असतं, तर ते तुम्हाला कसं कळलं असतं? इथे चांगली चांगली मुलं गप्प होतात.

यालाच मी पंच म्हणतो. वाड्यात किंवा चाळीत क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की बॅटिंग करणाऱ्यांचाच गडी अंपायर म्हणून उभा राहिला की सामन्याला अर्थ उरत नाही. प्रकल्पाचंही तसंच. विषय, टूल, भाषा, एआय हे सगळं नंतर. खरं-खोटं कोण ठरवणार आणि त्याचं तुमच्याशी साटंलोटं नाही ना, हे आधी.

चांगल्या पंचाचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण वर्गातल्या एका प्रकल्पाचंच आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर १९८८ साली एका वादळी पावसाच्या रात्री घरून टेलिफोनच्या लाइनवर विद्यापीठाच्या, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या मशीनवर काम करत होते. पावसामुळे लाइनवर खरखर होती आणि टाइप केलेल्या अक्षरांच्या मध्ये भलतीच अक्षरं घुसत होती. त्या काळात यात नवल नव्हतं. नवल हे की असली कचरा अक्षरं पोटात गेल्यावर रोजच्या वापरातले साधे युनिक्स प्रोग्रॅम कोसळत होते. त्यांनी ही गोष्ट विसरून न जाता ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या वर्गाला दिलेल्या प्रकल्पांच्या यादीत घातली. नाव दिलं ‘फझ’.

विद्यार्थ्यांनी दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एक वाटेल ती अक्षरं ओकणारा आणि दुसरा ती अक्षरं टर्मिनलवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना माणसाने टाइप केल्यासारखी भरवणारा. मग सुमारे नव्वद युटिलिटी, म्हणजे असे रोजच्या वापरातले छोटे प्रोग्रॅम, घेतल्या, युनिक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या घेतल्या आणि भरवत सुटले. प्रत्येक आवृत्तीवर चौथा हिस्सा ते एक तृतीयांश प्रोग्रॅम एकतर कोसळले किंवा लटकले. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आता इथला पंच बघा. प्रोग्रॅमने बरोबर उत्तर दिलं का, हे त्यांनी विचारलंच नाही. ते विचारलं असतं तर प्रत्येक युटिलिटीचं बरोबर वागणं म्हणजे काय, हे आधी लिहून काढावं लागलं असतं आणि सेमिस्टर तिथेच संपलं असतं. त्यांनी विचारलं: कोसळला का? लटकला का? याचं उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमच देते, कोसळतानाची मेमरी जिच्यात उतरते ती कोअर फाइल तिथे पडलेली असते, वाद घालायला जागा नाही. टेस्टिंगमध्ये ‘बरोबर काय हे कोण सांगणार’ या अडचणीला ऑरॅकलचा प्रश्न म्हणतात. तो सोडवण्याच्या फंदात न पडता त्यांनी प्रश्नच असा लहान केला, की पंच फुकटात मिळाला. दहा महिन्यांच्या प्रकल्पाला हीच युक्ती लागते.

पण ते तेवढ्यावर थांबले असते तर ती फक्त गंमत ठरली असती. पुढचं काम कष्टाचं होतं: जिथे जिथे सोर्स कोड मिळाला तिथे तो उघडून प्रोग्रॅम का कोसळला ते शोधणं. ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिलं, पॉइंटर न तपासता वापरला, फंक्शनने परत दिलेली किंमत बघितलीच नाही, किती अक्षरं येणार याची मर्यादा न घालता ओळ वाचली. ही शेवटची चूक १९८८ च्याच नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या उपद्रवी प्रोग्रॅमनेही वापरली होती. म्हणजे वर्गातला प्रकल्प आणि बाहेरचं संकट एकाच मुळाशी जाऊन भिडले. त्यांनी साधनं आणि माहिती सगळ्यांना मोकळी करून दिली, १९९५ मध्ये पुन्हा तोच प्रयोग केला आणि आधी छापून जाहीर केलेल्या काही चुका तशाच राहिलेल्या सापडल्या. २०२० मध्ये पुन्हा एकदा केला, तेव्हाही प्रोग्रॅम कोसळलेच. आज गूगलची ओएसएस-फझ ही सेवा २०१६ पासून ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पांवर हेच काम रात्रंदिवस करते. एका सत्रातल्या गृहपाठाचा पंच चोख होता, म्हणून तो तीस वर्षांनंतरही पुन्हा खेळता येतो.

पंच कच्चा असला की काय होतं, तेही सांगतो. २००९ मध्ये व्हर्जिनिया आणि न्यू मेक्सिको विद्यापीठांतल्या संशोधकांनी जेनप्रोग नावाचं साधन मांडलं. बग असलेला प्रोग्रॅम घ्यायचा, त्यातल्याच ओळी इकडून तिकडे हलवायच्या, पुसायच्या, घालायच्या आणि सगळ्या टेस्ट पास करणारं रूप मिळालं की तो पॅच, म्हणजे दुरुस्ती. कल्पना जबरदस्त होती आणि तिने एक अख्खं क्षेत्र उभं केलं. २०१२ च्या त्यांच्या शोधनिबंधात १०५ पैकी ५५ बग दुरुस्त झाल्याचं होतं, प्रत्येकी सुमारे आठ डॉलर खर्चात. २०१५ मध्ये एमआयटीतल्या एका गटाने ते पॅच एकेक करून उघडून वाचले. जवळजवळ सगळेच चुकीचे निघाले, आणि बहुतेकांनी प्रत्यक्षात केलं होतं ते एवढंच, की प्रोग्रॅममधली एखादी क्षमता काढून टाकली होती.

असं का होतं, ते टेस्टिंग केलेल्या माणसाला लगेच कळेल. समजा बिल छापताना प्रोग्रॅम कोसळतो आणि टेस्ट फक्त ‘कोसळला नाही ना’ एवढंच बघते. बिल छापणारी ओळच पुसली की टेस्ट हिरवी! टेस्ट हा पंच होता आणि तो अर्धवट बघत होता. मूळ संशोधकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कारण त्यांनी साधन आणि पॅच मोकळे ठेवले नसते तर ही तपासणी करताच आली नसती.

याउलट एसव्ही-कॉम्प ही प्रोग्रॅम पडताळणाऱ्या साधनांची जागतिक स्पर्धा बघा. पुण्यातल्या टीआरडीडीसीचं, म्हणजे टाटांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या संशोधन केंद्राचं, व्हेरिॲब्स हे साधन तिथे उतरलेलं आहे. तिथली गुणपद्धत मला फार आवडते. प्रोग्रॅम निर्दोष आहे असं बरोबर सांगितलं तर २ गुण, दोष आहे असं बरोबर सांगितलं तर १. सदोष प्रोग्रॅमला निर्दोष म्हणून सर्टिफिकेट दिलं तर उणे ३२. उगाच दोष काढला तर उणे १६. ‘माहीत नाही’ म्हटलं तर शून्य. चुकीच्या खात्रीची किंमत किती असावी हे आधी ठरवून ठेवलेला पंच असा असतो. तुमच्या प्रकल्पात इतकी काटेकोर पद्धत लागणार नाही, पण कुठली चूक जास्त महाग, हे लिहून ठेवा.

आता हाताने वाचण्याबद्दल. या मुद्द्यावर मी थोडा हट्टी आहे.

हल्ली गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून लाखो कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, उतरवून घेता येतात. माहिती मोठी असली की प्रकल्प मोठा वाटतो. २०१४ मध्ये ७२९ गिटहब प्रकल्प आणि १७ भाषा घेऊन एक गाजलेला अभ्यास झाला: कुठल्या भाषेत बग जास्त होतात? २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तोच अभ्यास पुन्हा करून बघितला, तेव्हा बहुतेक निष्कर्ष टिकले नाहीत. कारणं अनेक होती, पण एक कायम लक्षात राहील असं आहे. टाइपस्क्रिप्ट ही भाषा ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाली. माहितीत मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या ‘टाइपस्क्रिप्ट’च्या नोंदी होत्या. कशा? टाइपस्क्रिप्ट फाइलच्या नावाच्या शेवटी जे ‘टीएस’ येतं, तेच क्यूटी या जुन्या लायब्ररीच्या भाषांतराच्या फाइलींनाही येतं. म्हणजे ज्याला कोड समजून मोजलं, त्यातला बराचसा भाग मेन्यूतल्या शब्दांचं भाषांतर होता. दहा फाइली उघडून बघितल्या असत्या तर हे कळलं असतं.

२०१३ मध्ये जर्मनीतल्या झारलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच जावा प्रकल्पांतल्या ७,००० हून जास्त इश्यू, म्हणजे तक्रारी-मागण्यांच्या नोंदी, स्वतः वाचल्या. ‘बग’ म्हणून नोंदवलेल्यांपैकी ३३.८ टक्के मुळात बग नव्हत्याच. कुणाला नवी सोय हवी होती, कुणाला दस्तऐवज सुधारून हवा होता. म्हणजे ‘बग’ या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवून मॉडेल शिकवलं, तर ते तीनातला एक धडा चुकीचा शिकतं.

माझा स्वतःचा अनुभव याहून कडू आहे. काही वर्षांपूर्वी मी सहमार्गदर्शक असलेल्या एका विद्यार्थ्याने बग दुरुस्त करणारे कमिट ओळखणारं मॉडेल बनवलं. संदेशात ‘फिक्स’ किंवा ‘बग’ आलं की ते कमिट दुरुस्तीचं, अशी खूण त्याने प्रोग्रॅमने लावून घेतली आणि त्यावर मॉडेल शिकवलं. अचूकता झकास आली. येणारच, मॉडेल ‘फिक्स’ हा शब्द ओळखायला शिकलं होतं. व्हायवाला बाहेरच्या परीक्षक बाईंनी फाइल उघडायला लावली आणि पहिलं पान वाचायला सुरुवात केली. ‘प्रीफिक्स बदलला.’ ‘टेस्टचं फिक्स्चर हलवलं.’ ‘डीबग लॉग काढला.’ ‘रीडमीमधली स्पेलिंगची चूक फिक्स.’ पानभर वाचून झाल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. मुलाचे आठ महिने गेले होते आणि रिपोर्टवर सही माझीही होती. तेव्हापासून माझा नियम आहे: शंभर नोंदी स्वतः वाचून वहीत खूण केल्याशिवाय एक ओळही प्रोग्रॅम लिहायचा नाही. त्यातल्या तीस-चाळीस नोंदी दुसऱ्या कुणाला तरी स्वतंत्रपणे वाचायला द्यायच्या आणि दोघांच्या खुणा किती जुळतात ते बघायचं. ते मोजणाऱ्या आकड्याला ‘कॅपा’ (ग्रीक अक्षरावरून) म्हणतात, संख्याशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. जुळलं नाही तर दोष वाचणाऱ्यांचा नसतो, तुमची व्याख्या ढिली असते. ती घट्ट करा आणि पुन्हा वाचा.

हाताने वाचून उभ्या राहिलेल्या कामाचा नमुना हवा असेल, तर इलिनॉय विद्यापीठातल्या गटाचा २०१४ चा फ्लेकी टेस्टवरचा अभ्यास वाचा. तुम्ही कंपनीत होतात म्हणजे फ्लेकी टेस्ट तुम्हाला सांगायला नको: कोड बदललेला नसतानाही कधी पास, कधी फेल. ऑफिसात आपण काय म्हणतो? ‘री-रन कर, होईल पास.’ या लोकांनी री-रन केलं नाही. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या ५१ प्रकल्पांतले अशा टेस्ट दुरुस्त करणारे २०१ कमिट घेतले आणि प्रत्येकाचं कारण शोधलं. सर्वांत मोठा गट निघाला तो उत्तर येण्याची नीट वाट न बघणाऱ्या टेस्टचा: दोन सेकंद थांब आणि पुढे जा, मग उत्तर आलेलं असो वा नसो. लाखांची माहिती नाही, एआय नाही, फक्त २०१ कमिट आणि चिकाटी. त्या एका निबंधावर पुढे कितीतरी साधनं उभी राहिली. एका विद्यार्थिनीच्या आवाक्यातलं काम कसं दिसतं, तर असं. मुंबईत जन्मलेलं ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर पूर्ण ओपन सोर्स आहे, त्याचा इतिहास उघडा आहे. त्याच्यावर असाच अभ्यास करायला कुणाची परवानगी लागत नाही.

पण तुम्ही विचारलंत म्हणून मला सर्वांत जवळचा वाटणारा विषय सुचवतो. तो तुम्ही घ्यावा असा आग्रह नाही, पण पंच कसा ठरतो ते त्यातून स्पष्ट दिसेल. विषय आहे: ओपन सोर्स सॉफ्टवेअर आपल्या मराठी शब्दांचं काय करतं?

पायथॉन या भाषेत नावाच्या रकान्यात फक्त अक्षरंच आहेत ना, हे तपासायला लोक सर्रास ‘इजअल्फा’ हे फंक्शन वापरतात. त्याला ‘कमल’ द्या: हो म्हणेल. ‘सुनीता’ द्या: नाही म्हणेल! कारण क, म, ल ही युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना संगणकात आकडे देणाऱ्या प्रमाणाच्या, लेखी अक्षरं आहेत, पण उकार, वेलांटी, काना, मात्रा ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. म्हणजे ज्या बाईच्या नावात एकही काना-मात्रा-वेलांटी नाही तिलाच फॉर्म भरता येईल.

याहून छुपा प्रकार शोधासाठी शब्द ‘साफ’ करणाऱ्या कोडमध्ये सापडतो. युरोपीय भाषांतल्या अक्षरांवरची टोपी-टिंबं काढून टाकायची एक लोकप्रिय कृती आहे: शब्द फोडायचा आणि अक्षराला चिकटलेली चिन्हं गाळायची. चिन्ह ओळखायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. युनिकोडच्या वर्गवारीत ज्याला जागा न घेणारं चिन्ह म्हटलंय ते गाळायचं, ही एक पद्धत. तिच्यातून ‘पुणे’ घाला, ‘पण’ बाहेर येतं. उकार गेला, मात्रा गेली. ‘मुंबई’चं ‘मबई’ होतं. काना आणि वेलांट्या मात्र वाचतात, कारण त्यांची वर्गवारी वेगळी आहे. दुसरी पद्धत युनिकोडने दिलेला ‘कम्बाइनिंग क्लास’ नावाचा आकडा शून्य नसलेलं चिन्ह गाळते. तिच्यात ‘पुणे’ सुखरूप बाहेर पडतं, पण हलन्त जातो आणि ‘शिक्षक’चा ‘शिकषक’ होतो. दोन्ही पद्धती लिहिणाऱ्याने त्याच्या भाषेतल्या नावांवर तपासल्या असतील आणि त्या तिथे बरोबरच चालत असतील.

आणि मग आपला खास मराठी अर्धा र. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत एक डोंगरात असतो आणि एक कोकणात. तो ऱ्या दोन प्रकारे साठवला जातो: नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही, म्हणून एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडत नाही. आणि सुरक्षिततेसाठी ‘न दिसणारी अक्षरं काढून टाका’ असं करणारं कोड असेल, तर जॉइनर जातो आणि दऱ्यांचा दर्या होतो. कुठलाही एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. फक्त माणसाने लिहिलेला शब्द बदललेला असतो.

आता पंच बघा किती सरळ आहे. साठवायच्या रकान्यात: जो शब्द आत गेला तोच बाहेर आला पाहिजे. शोधाच्या किल्लीत, म्हणजे शोधण्यासाठी साफ करून ठेवलेल्या रूपात: ‘पुणे’ आणि ‘पण’ यांची किल्ली एक होता कामा नये. यात मत नाही, मिलरच्या कोसळण्याइतकं ठाम हो-नाही आहे. तुम्ही एक शब्दयादी करा, प्रत्येक शब्द कुठल्या कारणासाठी घेतला ते शेजारी लिहा. ओपन सोर्स पायथॉन प्रकल्पांत या तीन-चार कृती कुठे आहेत ते शोधा. प्रत्येक ठिकाणी हाताने बघा की मराठी शब्द तिथपर्यंत खरोखर पोचतो का, कारण पुष्कळदा ते कोड फक्त फाइलच्या नावासाठी असतं आणि वापरणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. पोचत असेल तर ती चूक प्रकल्पाच्या लोकांना कळवा, दुरुस्ती पाठवा. ते ती स्वीकारतात की नाही, हा तुमचा दुसरा पंच आणि तो तर तुमच्या ओळखीचाही नाही.

तुमच्या गाइडचं म्हणणंही यात बसतं. कोड लिहून देणाऱ्या एआयला सांगा: नाव तपासणारं फंक्शन लिही, शोधासाठी शब्द साफ करणारं फंक्शन लिही. मग तीच शब्दयादी त्यावर चालवा. मराठीचा उल्लेख न करता मागितलं तर काय मिळतं, उल्लेख केला तर काय मिळतं, तेच दहादा मागितलं तर उत्तर बदलतं का. एआय खेळाडू म्हणून खुशाल घ्या. पंच तोच राहू द्या. पुष्कळ प्रकल्प इथे घसरतात: एआयने लिहिलेला कोड बरोबर आहे का ते एआयलाच विचारतात.

एआयवर काम करताना आणखी एक जपा. डिफेक्ट्सफोरजे हा जावातल्या बगांचा संच २०१४ पासून जाहीर आहे. एसडब्ल्यूई-बेंच हा २०२३ चा, बारा पायथॉन प्रकल्पांतल्या २,२९४ प्रश्नांचा. दोन्ही उत्तम, पण त्यांची उत्तरं इंटरनेटवर पडलेली आहेत आणि मॉडेलने ती शिकताना वाचली असण्याची दाट शक्यता आहे. पेपर फुटलेल्या परीक्षेच्या मार्कांना जेवढा अर्थ, तेवढाच त्या आकड्यांना. तुमची शब्दयादी तुम्ही या वर्षी केलेली असेल, म्हणून ती मोलाची.

दुरुस्त्या पाठवण्यावरून एक गंभीर गोष्ट. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मुद्दाम सदोष पॅच पाठवून बघितले, ते पकडले जातात का म्हणून. ज्यांच्यावर प्रयोग चालला होता त्यांना आधी काहीच सांगितलेलं नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये कर्नल सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं योगदानच थांबवलं, आधीचे पॅच पुन्हा तपासायला काढले आणि संशोधकांना आपला स्वीकारला गेलेला निबंध मागे घ्यावा लागला. ओपन सोर्स सांभाळणारी माणसं पुष्कळदा आपला रविवार खर्चून ते काम करतात. त्यांना पाठवाल ती चूक खरी असू द्या, दुरुस्ती तुम्ही स्वतः चालवून बघितलेली असू द्या आणि हे संशोधनाचा भाग आहे हे पहिल्याच ओळीत लिहा. एकाच दिवशी चाळीस प्रकल्पांना एकाच छापाचा संदेश पाठवू नका.

कंपनीच्या कोडवर काम करायचं मनात असेल तर थोडक्यात सांगतो: लेखी परवानगी मिळाल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि त्या परवानगीत ‘निष्कर्ष प्रसिद्ध करता येतील’ हे शब्द असू द्या. साहेबांचा तोंडी होकार साहेब बदलले की जातो. एका मुलीचं काम अशाच कारणाने शेवटच्या महिन्यात अडकलेलं मी बघितलंय. सगळे आकडे होते, एकही रिपोर्टमध्ये घालता येईना.

पेपरचं दडपण मला कळतं. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका, पुढे पीएच.डी.ला किंवा संशोधनाच्या नोकरीला गेलात तर ती नोंद तुमच्याच विरुद्ध वाचली जाते. आपल्याकडे आयसेक ही सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची भारतीय परिषद २००८ पासून भरते, २०१९ मध्ये ती पुण्यातच होती. तिथे निबंध पाठवा. नाकारला गेला तरी तज्ज्ञांनी वाचून लिहिलेले अभिप्राय मिळतात. सॉफ्टवेअर रेपॉझिटरींच्या, म्हणजे कोडच्या साठ्यांच्या, अभ्यासाची एमएसआर ही परिषद २००४ पासून चालते, तिचे जुने निबंध वाचले तरी प्रश्न कसा विचारावा ते कळतं. आणि रिपोर्ट देताना शब्दयादी, प्रोग्रॅम, हाताने केलेल्या खुणांची फाइल हे सगळं झेनोडोसारख्या, संशोधनाची माहिती जपणाऱ्या ठिकाणी ठेवा, कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती वापरली तेही. जेनप्रोगचे पॅच तीन वर्षांनी उघडून वाचता आले, तसं तुमचंही कुणाला तरी वाचता यायला हवं.

दहा महिन्यांची वाटणी मी अशी करेन: पहिला दीड महिना फक्त वाचन आणि शंभर नोंदी. पुढचे दोन-अडीच महिने व्याख्या घट्ट करणं आणि लहान प्रयोग, पाच प्रकल्पांवर. मग चार महिने खरं काम. शेवटचे दोन महिने लिहायला लागतातच, त्यात नवं काही सुरू करायचं नाही. पहिल्या लहान प्रयोगात काहीच सापडलं नाही तर घाबरू नका, मात्र विषय तिथेच बदला, सातव्या महिन्यात नको.

या आठवड्यात एवढं करा. पायथॉन उघडा, ‘पुणे’, ‘दऱ्या’, ‘शिक्षक’, ‘सुनीता’ हे चार शब्द घ्या आणि तुम्ही कंपनीत ज्या प्रकारचे फॉर्म टेस्ट करत होतात, तशा एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात ते भरून बघा. आत काय गेलं, बाहेर काय आलं, ते एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. तो कागद घेऊन गाइडकडे जा, प्रेझेंटेशन नको. जे सापडलं ते इथे कळवलंत तर पुढचं आपण बघू.